पिंजरेवाल्या ताईंना

सप्रेम नमस्कार.

आमच्या वॉचमनकाकांनी तुमचं हे बारसं केलंय, तेच नाव इथे ठेवते. खरं नाव चारचौघांत घेतलेलं तुम्हाला आवडणार नाही. पत्र मात्र मुद्दाम उघड लिहितेय. आमच्या सोसायटीतल्यांनीही ते वाचावं, असा थोडा दुष्ट हेतू त्यात आहे.

नसबंदीसाठी भटकी मांजरं पिंजऱ्यात धरायला तुम्ही यायच्या आधी आमच्याकडे 'मांजरांचा बंदोबस्त' एकदा होऊन गेला होता. गेल्या दिवाळीआधी रंगकाम निघालं, तेव्हा कमिटीनं कुणाला तरी पैसे दिले. तो पोतं घेऊन आला, जिन्याखाली निजलेली भाटी (सासूबाई मालवणकडच्या, त्यामुळे आमच्या घरी मांजरी नाही, भाटीच) पकडली आणि 'खाडीपलीकडे सोडतो' म्हणत निघून गेला. तिची पिल्लं कुठे आहेत, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही. पिल्लं माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर, डक्टमध्ये होती. दोन रात्री ओरडली. तिसऱ्या दिवशी आवाज थांबला, तेव्हा सासूबाई जपमाळ खाली ठेवून म्हणाल्या, "आता पंखा बारीक केलास तरी चालेल." ऐकू येऊ नये म्हणून मी पंखा पाचावर ठेवत होते, हे त्यांना कळलं होतं.

आणि एवढं करून साधलं काय? महिन्याभरात त्याच जिन्याखाली नवी भाटी हजर. जागा रिकामी झाली, उकिरडा तसाच राहिला, की दुसरं मांजर येणारच, हे तुम्ही मला नंतर सांगितलंत. आमच्या मीटिंगमध्ये मात्र पुन्हा तोच पोतंवाला बोलवायचं ठरत होतं. जनावराला असं उपाशी मरायला सोडून देणं 1960 च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्यात बसत नाही, असं मी म्हटलं, तर 'वहिनी, तुम्हीच पाळा मग' असं उत्तर आलं. मदतीसाठी फोन केले तिथेही तीच तऱ्हा. एका ठिकाणी म्हणाले, कुत्रं असेल तर सांगा. दुसरीकडे नंबर लिहून घेतला, तो बहुधा अजून लिहिलेलाच आहे.

मग तुम्ही आलात, शेवटच्या लोकलनं, हातात तो लांबट पिंजरा आणि डब्यात भाजलेला बांगडा. सलग तीन रात्री. सकाळी तुमची नोकरी होती, हे मला फार उशिरा कळलं.

तिसऱ्या रात्री दोनच्या सुमारास खट्‌कन दार पडलं. भाटी आत धडका देत होती. तुम्ही ओढणी काढून पिंजऱ्यावर टाकलीत आणि ती गप्प झाली. मी तर आनंदानं टाळीच वाजवणार होते. पण तुम्ही ओढणीचं टोक उचलून टॉर्च मारलात, खाली वाकून बराच वेळ पाहिलंत, आणि म्हणालात, "हिला दूध आहे. पिल्लं कुठेतरी वाट बघतायत."

आणि तुम्ही दार उघडलंत.

ताई, खरं सांगते, त्या क्षणी मला तुमचा राग आला होता. तीन रात्रींचं जागरण, तो बांगडा, सगळं पाण्यात. एकदा पिंजऱ्यात सापडलेलं मांजर पुन्हा सहजी आत शिरत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. तरी तुमचा हातसुद्धा कचरला नाही. ती सुसाट पंपरूमकडे पळाली आणि तुम्ही भिंतीला टेकून नुसत्या 'जा बाई, जा' म्हणालात. घरात येऊन मी सासूबाईंना सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत, पण पहाटेपर्यंत जाग्या होत्या.

पुढचं थोडक्यात. पिल्लं पंपरूममध्ये सिमेंटच्या गोण्यांमागे सापडली, चार, डोळे नुकतेच उघडलेली. हात लावायचा नाही, अशी तुमची सक्त ताकीद. भाटीनं त्यांना रीतसर सात घरं फिरवायला घेतलं, त्यातली तीन मीच मोजली. महिन्याभरानं पिल्लं स्वतः खाऊ लागली, तेव्हा तुम्ही आधी त्यांना धरलंत आणि त्यांची पेटी पिंजऱ्याच्या मागच्या टोकाला ठेवलीत. बांगड्याला न भुललेली ती, लेकरांच्या आवाजावर पाच मिनिटांत आत चालत आली. ते पाहताना मला डक्टमधल्या त्या दोन रात्री आठवल्या आणि मी जिन्यात बसून रडले. तुम्ही पाहिलंत आणि पाहिलं नाही असं केलंत, त्याबद्दलही आभार.

ऑपरेशन होऊन भाटी परत आपल्या जिन्याखाली आहे. डाव्या कानाचं टोक कापलेलं, म्हणजे हिला पुन्हा धरायचं नाही, ही खूण. तीन पिल्लांना घरं मिळाली. चौथं, तीनरंगी, म्हणजे बहुतेक मुलगीच असणार असं तुम्ही म्हणाला होतात ते, आता सासूबाईंच्या मांडीवर जप ऐकतं.

चांगुलपणा म्हणजे काहीतरी वाढवून देणं, अशी माझी समजूत होती. हातात आलेलं सोडून देणारं माणूस मी त्या रात्री पहिल्यांदा पाहिलं. त्याची लागणही होते बहुधा. पोतंवाल्याला त्या दिवशी गेट उघडून देणारे आमचे वॉचमनकाका तिसऱ्या रात्री कुणी न सांगता पार्किंगचा दिवा मालवून, उशिरा येणाऱ्यांच्या स्कूटर गेटाबाहेरच थांबवत होते. कमिटीनं अजून आभाराचा ठराव केलेला नाही. करतील असं वाटतही नाही.

तुमची ओढणी धुऊन ठेवली आहे. केस काही पूर्ण निघाले नाहीत.

तुमची,
तळमजल्यावरची

ता.क. बी विंगच्या गच्चीवर परवापासून एक काळा, दांडगा बोका दिसतोय. दोन्ही कान शाबूत आहेत. बांगडा आणून ठेवू का?