तुझे दोन पाय वहीतच राहिले

नाशिक,
रविवार, दुपार

चि. ओम,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू इतका तणतणत होतास की मी गप्प बसले. तुझ्या आरसी फिल्टरचा, म्हणजे रेझिस्टर-कपॅसिटर जोडून उंच फ्रीक्वेन्सी अडवणाऱ्या सर्किटचा, कटऑफ हिशेबाप्रमाणे येईना, म्हणून तू लॅबमधल्या फंक्शन जनरेटरला, सिग्नल देणाऱ्या यंत्राला, दोष देत होतास. तो बिघडलेला नाही रे. दहा के, म्हणजे दहा हजार ओहमचा रेझिस्टर, आणि १०४ चा कपॅसिटर, म्हणजे ०.१ मायक्रोफॅरड, गुणाकार १ मिलिसेकंद. इथवर बरोबर. मग त्याचा व्यस्त घेऊन १००० हर्ट्झ लिहून मोकळा झालास! ते १००० रेडियन दर सेकंदाला. हर्ट्झ हवेत तर आणखी टू पायने, म्हणजे २π ने, भागायचं. १५९ येतात, आणि ऑसिलोस्कोपवर तुला १६० च्या आसपासच दिसत होतं ना? मी तर ०.१५९ पाठच करून ठेवलंय, त्याला आरसीने, म्हणजे त्या गुणाकाराने, भागलं की झालं.

आणि कटऑफ म्हणजे कात्री नव्हे. तिथे एका व्होल्टचे ०.७ उरतात. दहापट वर, १५९० ला, जेमतेम दहावा हिस्सा.

वेळेचं गणित मात्र मला अंबडच्या कारखान्यात एका बटणाने शिकवलं. एकदा दाबलं की काउंटर दोन-तीन आकडे पुढे जायचा. दाबल्यावर आतली पत्ती काही मिलिसेकंद थरथरते, त्या उड्याच तो मोजायचा. मी हेच तुझं दहा के आणि १०४ लावलं. पण हा कपॅसिटर १ मिलिसेकंदात ६३ टक्के भरतो. त्याला काय उड्या अडणार? मग १ मायक्रोफॅरड टाकला, म्हणजे १० मिलिसेकंद. तरी अधूनमधून एखादा आकडा जास्तच! दोन दिवस त्यात गेले, सुपरवायझरची बोलणी वेगळी. सिग्नल आता इतका सावकाश चढत होता की साधं लॉजिक गेट, म्हणजे चालू की बंद एवढंच ओळखणारी चिप, मधल्यामध्ये चालू-बंद करत बसायचं. ७४एचसी१४ ही श्मिट ट्रिगरची चिप बसवली तेव्हा कुठे थांबलं. श्मिट ट्रिगरची चढतानाची पातळी वेगळी आणि उतरतानाची वेगळी, म्हणून.

कपॅसिटरच्या डिस्कवर छापलेल्या आकड्यावरही जाऊ नकोस, वीस टक्के इकडेतिकडे सहज असतो. मोजून वहीत लिही. मामा शनिवारी पुण्याला येतोय, त्याच्याकडे कपॅसिटर मोजायचा माझा जुना एलसीआर मीटर आणि द्राक्षं देते. द्राक्षं आल्या आल्या संपवा, पोरं आहेतच खोलीत. मीटर मात्र कुणाला देऊ नकोस.

तुझी,
आई