ठसे बोटांचे आणि घरचे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळाप्रवेशाचे दिवस आले की आमच्या गावात ‘तुमच्या पाल्याची उपजत बुद्धिमत्ता ओळखा’ असे फलक झळकू लागतात. ‘डीएमआयटी’ (डर्मॅटोग्लिफिक्स मल्टिपल इंटेलिजन्स टेस्ट) या नावाने चालणाऱ्या या चाचणीत मुलाच्या दहाही बोटांचे ठसे यंत्रावर घेतले जातात आणि काही दिवसांत एक जाडजूड रंगीत अहवाल पालकांच्या हाती पडतो. मूल डाव्या मेंदूचे आहे की उजव्या, त्याने पुढे कोणत्या शाखेला जावे, इतकेच काय, ते हट्टी का आहे, हेही त्यात छापलेले असते. पूर्वीच्या आज्या बाळाचे पाय पाळण्यात पाहत. आता बोटे पाहतात आणि त्याचे पैसे पडतात. आयुष्यभर बालवर्गाला शिकवून निवृत्त झालेली एक शिक्षिका म्हणून या प्रकाराविषयी लिहिणे मला आवश्यक वाटते.

बोटांवरच्या रेषा आईच्या पोटात, तिसऱ्या महिन्याच्या सुमारास उमटू लागतात आणि त्याच काळात मेंदूचीही घडण चालू असते, एवढ्या एका धाग्यावर या चाचणीचा सारा डोलारा उभा आहे. डाउन सिंड्रोमसारख्या काही जन्मजात स्थितींमध्ये तळहाताच्या रेषा वेगळ्या आढळू शकतात, हे वैद्यकशास्त्र मान्य करते. परंतु त्यावरून निरोगी मुलाच्या अंगठ्यात गणित आणि करंगळीत संगीत वाचता येते, असे मुळीच ठरत नाही. शिवाय एकाच बीजापासून जन्मलेल्या, हुबेहूब दिसणाऱ्या जुळ्यांचेही ठसे एकमेकांशी जुळत नाहीत. गर्भातील दाब, हालचाल, वाढीचा वेग अशा किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींनीही रेषा बदलतात. म्हणजे ज्या खुणेला हे लोक निव्वळ उपजत समजतात, तिच्यातही परिस्थितीचा हात असतोच.

या विषयाचा इतिहासही बोलका आहे. ‘निसर्ग आणि संगोपन’ ही जोडी १८७४ साली ज्यांनी वादाच्या केंद्रस्थानी आणली, त्या फ्रान्सिस गाल्टन या ब्रिटिश शास्त्रज्ञांनीच १८९२ मध्ये बोटांच्या ठशांवर ग्रंथ लिहिला. गाल्टन आनुवंशिकतेचे कट्टर पुरस्कर्ते होते. इतके की त्यांच्या विचारांतून पुढे सुप्रजननशास्त्राची, म्हणजे ‘चांगल्या’ ठरवलेल्या माणसांचीच संतती वाढावी असे मानणारी, चळवळ उभी राहिली आणि तिने जगात पुष्कळ अनर्थ केला. ठशांवरून वंश आणि स्वभाव ओळखता येईल अशी त्यांची मोठी अपेक्षा होती. त्यांनी विज्ञान आणि कला शिकणारे विद्यार्थी, शेतमजूर, मतिमंदांच्या संस्थेतील रहिवासी अशा निरनिराळ्या गटांचे ठसे ताडून पाहिले आणि ही अपेक्षा फोल ठरल्याची कबुली त्याच ग्रंथात दिली. ज्याला हवे होते त्यालाही जे सापडले नाही, ते सव्वाशे वर्षांनंतर आमच्या चौकातल्या गाळ्यात तीन हजार रुपयांत सापडते आहे.

पैसे गेले तर गेले, असे म्हणून मी हे सोडून दिले असते. परंतु अहवाल घरी आल्यानंतर जे घडते, ते मी जवळून पाहिले आहे. आमच्या शेजारच्या पाच वर्षांच्या मुलाच्या अहवालात त्याची भाषिक क्षमता सर्वांत कमी दाखवली होती. तोपर्यंत त्याची आई रोज रात्री त्याला गोष्ट वाचून दाखवत असे आणि तोही मध्येच थांबवून प्रश्न विचारून तिला भंडावून सोडत असे. महिन्याभरात ते वाचन बंद पडले. मी विचारले, तेव्हा ती माउली म्हणाली, “बाई, त्याचा पिंडच नाही तो. उगाच कशाला त्याला त्रास?” त्यानंतर मुलाचे शब्द रोडावले असतील, तर त्याचे खापरही त्याच्या बोटांवरच फुटणार. ‘पिंड’ म्हणून जो कागद घरात आला, त्याने तिथे वळण लावण्याचे काम सुरू केले. आणि ज्या घरात असा कागद येत नाही, तिथे हेच काम “आमचा हा वडिलांवर गेलाय” या वाक्याने होत असते.

त्याच्या थोरल्या बहिणीच्या अहवालात ‘इतरांची काळजी घेण्याची उपजत वृत्ती’ असे छापून आले. सात वर्षांची ही मुलगी पाहुणे आले की पाण्याचा तांब्या घेऊन उभी असते, कारण तिला तशी हाक मारली जाते. भावाला ती हाक कधीच जात नाही. देशात २०१९ साली झालेल्या वेळ-वापर सर्वेक्षणात सहा वर्षे आणि त्याहून मोठ्या व्यक्तींपैकी घरातील विनामोबदला कामे करणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण ८१.२ टक्के, तर पुरुषांचे २६.१ टक्के आढळले. ही कामे करणाऱ्यांमध्येही स्त्रियांचा दिवसाचा सरासरी वेळ २९९ मिनिटे आणि पुरुषांचा ९७ मिनिटे होता. इतकी मोठी तफावत बोटांच्या रेषांत कोठून येणार? ‘बालभारती’ने त्याच वर्षी दुसरीच्या पुस्तकांतील चित्रांमध्ये पुरुषांनाही घरकाम करताना दाखवले, ते या तांब्याकडे कोणाचे तरी लक्ष गेले म्हणूनच.

उपजत असे काही नसतेच, असा माझा दावा नाही. बालवर्गाच्या शिक्षिकेने तसे म्हटले, तर तिच्याच माजी सहकारी हसतील. जूनच्या पहिल्या आठवड्यात एक मूल दारातूनच आईला टाटा करते, तर दुसरे दिवाळीपर्यंत खिडकीचा गज सोडत नाही, आणि दोघांना घरून सारखीच माया मिळालेली असते. न्यूयॉर्कमध्ये अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या मनोविकारतज्ज्ञ दांपत्याने १९५६ पासून शंभराहून अधिक मुलांचा वर्षानुवर्षे मागोवा घेतला. जन्मतः दिसणाऱ्या स्वभावाइतकाच, त्या स्वभावाशी आईवडिलांच्या अपेक्षा आणि वागणे कितपत जुळते याला त्यांनी निर्णायक महत्त्व दिले. बुजऱ्या मुलाला गर्दीत ढकलणे वेगळे आणि त्याचे बोट धरून गर्दीच्या कडेला थोडा वेळ उभे राहणे वेगळे. हे जुळवून घेणे रोजच्या पाहण्यातून येते. त्याला यंत्र लागत नाही, वेळ मात्र लागतो.

आपल्याच राज्यात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाड परिसरातील आदिवासी मुलांसाठी बालशिक्षणाची वाट पाडली. मुले शाळेत येत नाहीत हे पाहिल्यावर ‘यांच्यात शिकण्याची आवडच नाही’ असा निष्कर्ष न काढता त्यांनी बालवाडीच त्या मुलांच्या अंगणात नेली आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणावर शाळा भरवली.

शिक्षण विभागाने पूर्वप्राथमिक आणि प्राथमिक शाळांच्या आवारात अशा ठसेचाचण्यांची शिबिरे भरवण्यास मनाई करावी आणि प्रवेशाशी त्यांचा कोणताही संबंध जोडू देऊ नये, अशी माझी विनंती आहे. आमच्या भागातील एका शाळेच्या माहितीपत्रकात ही चाचणी ‘ऐच्छिक’ म्हणून छापलेली आहे. तिचे शुल्क मात्र प्रवेशशुल्काच्या पावतीतच धरलेले असते.

आपली,
एक निवृत्त बालवर्ग शिक्षिका, सातारा