भिंतीपलीकडचं बाळ

प्रिय सोन्या,

काल रात्री दीड वाजता आलेला तुझा मेसेज मी सकाळी वाचला. फोनवर बोलायला गेलं की तू चिडतोस, मग माझंही राहून जातं म्हणून लिहितेय. झोप नाही झाली की माणसाचं काय होतं ते मला माहितीये रे, त्यात तुझं सकाळी नऊला ऑफिस. पण सोसायटीच्या ग्रुपवर वरचे लोक आणि शेजारचं बाळ दोघांची एकत्र तक्रार टाकणार म्हणालास ना, ते टाकू नकोस.

वरच्यांचं वेगळं आहे. रात्री साडेअकराला स्पीकर लावतात म्हणजे ते बंद करू शकतात आणि करत नाहीत. रात्री १० ते सकाळी ६ चा नियम २००० सालापासून आहे, रहिवासी भागात रात्री ४५ डेसिबलच्या वर आवाज नको असं त्यात लिहिलंय. आधी वर जाऊन नीट सांग, मग सेक्रेटरींना लेखी दे, तरी ऐकलं नाही तर ११२ ला फोन कर, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

बाळाचं तसं नाही. पाच आठवड्यांचं आहे म्हणालास, म्हणजे आता रडणं अजून वाढेल. साधारण दीड महिन्याच्या आसपास सगळ्यात जास्त रडतात आणि मग तीन-चार महिन्यांपर्यंत बरंचसं कमी होतं, आई काही चुकीचं करते म्हणून नाही, काही बाळं असतातच तशी.

तू तसा होतास. गिरगावातल्या चाळीत आपली एक खोली, मधे फळ्यांचं पार्टिशन, पलीकडे काका, बेस्टमध्ये ड्रायव्हर, पहाटे चारला उठून डेपोत जायचे. तू संध्याकाळी सातला सुरू व्हायचास ते रात्री एक-दोनपर्यंत, मूठ आवळून, पाय पोटाशी घेऊन, चेहरा जांभळा. मी मे महिन्यात खिडक्या लावून बसायचे, घामाने तुझं झबलं आणि माझा ब्लाऊज दोन्ही ओले, आणि माझं लक्ष तुझ्यापेक्षा त्या फळ्यांकडे, की आता काका भिंत ठोकतील. त्यांनी कधीच ठोकली नाही. एका रात्री दारावर टकटक झाली, मला वाटलं आलेच भांडायला, तर काकू उभ्या. म्हणाल्या, "दे इकडे, तू तासभर पड." तुला खांद्यावर टाकून त्या गॅलरीत फेऱ्या मारत राहिल्या, मी तशीच जमिनीवर झोपले. काका ते तीन महिने गच्चीत जाऊन झोपायचे हे मला नंतर कळलं, त्यांनी स्वतः कधी सांगितलं नाही.

तुझ्या शेजारची ती मुलगी पण आत्ता भिंतीकडेच बघत बसत असेल. त्यात ग्रुपवर तुझा मेसेज आला आणि पन्नास घरांनी वाचला तर तिला काय वाटेल सांग. बाळंतिणीचं मन त्या दिवसात फार हळवं असतं रे, कुणाकुणाला तर दिवसेंदिवस नुसतं रडू येतं आणि घरच्यांनाही कळत नाही.

तू एवढं कर. बेड त्या भिंतीपासून हलवून समोरच्या बाजूला घे आणि कपाट त्या भिंतीला लाव, आवाज थोडा दबतो. टेबल फॅन चालू ठेव, त्याच्या एकसारख्या आवाजात बाकीचं कमी जाणवतं. मेडिकलमध्ये कानात घालायचे फोमचे बोळे मिळतात ते आण, अलार्म ऐकू येतोय ना ते आधी सुट्टीच्या दिवशी बघून घे. आणि एकदा संध्याकाळी जाऊन बेल न वाजवता हळूच दार वाजव आणि विचार, खालून दूध भाजी काही आणायचंय का. बाळाचा विषय तिने काढला तर बोल, आणि "आम्हाला काही त्रास नाही" असं खोटं बोलू नकोस, तुला ऐकू येतं ते तिलाही माहितीये. "माझी आई म्हणते मीपण असाच रडायचो" एवढं सांग.

शनिवारी बाबा येतायत त्यांच्याबरोबर दोन डबे देते. स्टीलचा तुझा, चिवडा आहे. दुसऱ्यात हळिवाचे लाडू आहेत ते शेजारी दे, तिला सांग रोज एक खा, आणि डबा परत मागू नकोस.

तुझी,
आई