नेपाळ सहल : ओळखपत्रांबद्दल

नमस्कार मंडळी,

नेपाळला जायला आपल्याला व्हिसा लागत नाही, म्हणून बरेचजण निर्धास्त आहेत. पण आपण विमानाने काठमांडूला जातोय आणि तिथे योग्य ओळखपत्र नसेल तर इंदूरला परतच यावं लागेल. रविवारी सायंकाळी ५ वाजता रामबागेतल्या आपल्या हॉलवर सगळ्यांची कागदपत्रं तपासू. प्रत्येकाने यायचंच.

• १८ ते ६५ वयाचे : मुदतीतला पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र. आधार चालत नाही, कितीही निगुतीने लॅमिनेट केलेलं असलं तरी!
• ६५ च्या पुढचे आणि १५ च्या आतली मुलं : वय व ओळख पटवणारं फोटोचं कार्ड. यांना मात्र आधार चालतं.
• १५ ते १८ : पासपोर्ट नसेल तर मुख्याध्यापकांचं ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र.

मूळ कार्डच आणा, मोबाइलमधला फोटो नको. तिकिटावरचं नाव कार्डाप्रमाणेच हवं. काही वहिनींच्या मतदार कार्डावर अजून माहेरचं आडनाव आहे, तर तिकीट त्याच नावाने काढू, आधी सांगा.

ज्यांच्याकडे यातलं काहीच नाही, त्यांनी रविवारपर्यंत थांबू नये. आजच सचिवांना फोन करा.