कोल्ट्रेन ऐकताना तारीख कोणती धरायची?

महोदय,

अमेरिकन जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांच्यावरचा पुरवणीतला लेख वाचला. मराठी वृत्तपत्रात जॅझला पानभर जागा मिळाली याचं अप्रूप आहेच. मात्र लेखासोबतची तबकड्यांची यादी प्रकाशनवर्षाप्रमाणे लावली आहे आणि तिच्यावरून ‘१९६४ मध्ये कोल्ट्रेन पुन्हा जुन्या वळणावर गेले’ असं म्हटलं आहे. तसं काही झालं नाही. ‘कोल्ट्रेन्स साउंड’ ही तबकडी १९६४ मध्ये विक्रीला आली खरी, पण ती वाजवली गेली ऑक्टोबर १९६० मध्ये. त्या महिन्याच्या २१, २४ आणि २६ तारखांना अटलांटिक कंपनीसाठी जे ध्वनिमुद्रण झालं, त्यातून तीन तबकड्या निघाल्या. ‘माय फेव्हरिट थिंग्ज’ १९६१ मध्ये आली, ‘कोल्ट्रेन प्लेज द ब्लूज’ १९६२ मध्ये आणि उरलेला माल १९६४ मध्ये. कोल्ट्रेन १९६१ मध्येच इम्पल्स कंपनीकडे गेले होते. १९६४ च्या ९ डिसेंबरला ते वाजवत होते ‘अ लव्ह सुप्रीम’. याला जुनं वळण कोण म्हणेल?

अटलांटिकच्या आधीच्या प्रेस्टीज कंपनीनेही हेच केलं. १९५७-५८ मधलं ध्वनिमुद्रण तिने साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत पुरवून पुरवून विकलं. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या पाच वादकांच्या संचाचंही तसंच, ज्यात तेव्हा कोल्ट्रेन होते. डेव्हिसना कोलंबिया कंपनीकडे जाण्यासाठी प्रेस्टीजचा करार फेडायचा होता, म्हणून ११ मे आणि २६ ऑक्टोबर १९५६ या दोन दिवसांत चार तबकड्यांचा ऐवज वाजवून झाला. त्यातली ‘स्टीमिन’ बाहेर पडली १९६१ मध्ये, म्हणजे कोल्ट्रेनच्या ‘जायंट स्टेप्स’नंतर. प्रकाशनाच्या क्रमाने ऐकणाऱ्याला वाटणार की हा माणूस वर्षभरात वाजवायला विसरला. १९५६ चे कोल्ट्रेन चाचपडत वाजवतात, वाक्य अर्ध्यावर सोडतात, सूर कधी कडक तर कधी दबलेला.

मधे १९५७ साल आहे. हेरॉइनच्या व्यसनापायी डेव्हिसनी त्यांना काढून टाकलं, त्याच वसंतात त्यांनी व्यसन सोडलं, उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या फाइव्ह स्पॉट या क्लबमध्ये पियानोवादक थेलोनियस मंकबरोबर वाजवायला सुरुवात केली आणि १५ सप्टेंबरला ‘ब्लू ट्रेन’ ध्वनिमुद्रित झाली. ‘स्टीमिन’ आणि ‘ब्लू ट्रेन’ लागोपाठ लावून पाहावं. ११ मेच्या भागापासून मोजलं तरी अंतर अवघ्या सोळा महिन्यांचं आहे.

१९५९ चा वसंत तर तारखांशिवाय कळतच नाही. डेव्हिसची ‘काइंड ऑफ ब्लू’, जिच्यात कोल्ट्रेनही आहेत, २ मार्च आणि २२ एप्रिलला झाली, कोल्ट्रेनच्या स्वतःच्या ‘जायंट स्टेप्स’चं मुख्य काम ४ आणि ५ मेला. मधे बाराच दिवस! पहिलीतल्या ‘सो व्हॉट’मध्ये सोळा बार (चार-चार ठोक्यांचे खण) एकच स्वरसप्तक, मग आठ बार ते अर्ध्या स्वराने वर आणि शेवटचे आठ पुन्हा मूळ जागी. ‘जायंट स्टेप्स’ याच नावाच्या रचनेच्या सोळा बारमध्ये मात्र सव्वीस कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरसमूह) आहेत आणि षड्ज तीन जागी फिरतो, प्रत्येक जागा दुसरीपासून चार अर्धस्वरांवर. लय मिनिटाला सुमारे २९० ठोक्यांची. जिथे दोन ठोक्यांना कॉर्ड बदलतो, तिथे हाती अर्धा सेकंदही उरत नाही. कोल्ट्रेननी ही रचना बराच काळ घोटली होती, पियानोवादक टॉमी फ्लॅनगन यांना तेवढा वेळ मिळाला नव्हता. म्हणून त्यांचा एकल भाग अडखळतो, तुटतो आणि शेवटी नुसत्या कॉर्डवर येतो. त्यांना नावं ठेवणाऱ्यांनी त्यांची १९८२ ची, याच नावाची तबकडी ऐकावी. एक खुबी अशी की कोल्ट्रेनच्या ‘जायंट स्टेप्स’ तबकडीतली ‘नायमा’ ही रचना मेमधली नाही. ती २ डिसेंबरची आहे, आणि तिथे पियानोवर विंटन केली, ड्रमवर जिमी कॉब. म्हणजे एका तबकडीची तारीखही एकच असेल असं नाही.

१७ जुलै १९६७ रोजी, वयाच्या चाळिसाव्या वर्षी कोल्ट्रेन गेले. तबकड्या मात्र येतच राहिल्या. १५ फेब्रुवारी १९६७ ची ‘स्टेलर रीजन्स’ निघाली १९९५ मध्ये, तर तिच्या आठवडाभरानंतर वाजवलेली ‘इंटरस्टेलर स्पेस’ १९७४ मध्येच आलेली. ६ मार्च १९६३ चं कोल्ट्रेनच्या चौघांच्या संचाचं, म्हणजे चौकडीचं, वादन २०१८ मध्ये हाती आलं, कंपनीची मूळ फीत नष्ट झाल्यामुळे घरी जपलेल्या फितीवरून. दुसऱ्याच दिवशी, ७ मार्चला, हीच चौकडी गायक जॉनी हार्टमनबरोबर संथ प्रेमगीतं वाजवत होती. तेव्हा ‘हा त्यांचा शांत काळ, तो आक्रमक काळ’ अशा खणांत १९६३ बसवू नये.

मोबाइलच्या ॲपवर दिसणारं वर्ष प्रकाशनाचं असतं, कित्येकदा पुनर्प्रकाशनाचं. ध्वनिमुद्रणाची तारीख वेष्टनाच्या मागे किंवा सोबतच्या पुस्तिकेत बारीक अक्षरांत सापडते. पुढच्या लेखात दोन्ही वर्षं छापावीत, ही विनंती.

जाता जाता, छायाचित्राखालची ओळही दुरुस्त करावी. कोल्ट्रेनच्या हातातलं सरळ वाद्य क्लॅरिनेट नसून सोप्रानो सॅक्सोफोन आहे. दोन्हींना फुंकायच्या जागी एकच पात (रीड) असते, पण सॅक्सोफोनची नळी धातूची असते आणि खाली रुंदावत जाते; या रुंदावण्यामुळे वरचा सूर काढताना तो नेमकं एक सप्तक चढतो. क्लॅरिनेटची नळी जवळपास सारख्याच रुंदीची, म्हणून तो सप्तक ओलांडून थेट वरच्या पंचमावर जातो.

आपला,
एक वाचक