काकाजी, त्या चाळीस किलो तुरीसाठी

आदरणीय काकाजी,

तुम्हाला जय येशू आणि आमच्या घरून सगळ्यांचा रामराम.

गेल्या महिन्यात तुम्हाला पंचाण्णवावं लागलं. मी यायला पाहिजे होतं, पण तुरीवर फवारणी सुरू होती, वावर सोडून निघता आलं नाही. तसंही समोर बसून बोलू लागलो असतो तर "राहू दे ना बाप्पा, चहा घे" म्हणून तुम्ही विषय तिथंच थांबवला असता. आजवर दरवेळी तसंच झालं. म्हणून हे पत्र, आणि मुद्दामच सगळ्यांना वाचता येईल असं.

बाबांचं आधी सांगतो. त्या साली मृगात पेरलेली कापसाची पऱ्हाटी उगवली आणि पावसानं दडी मारली. कोंब करपून गेले. दुबार पेरणीला घरात दमडी नव्हती. बाबा तुमच्या ओसरीवर नुसते बसून राहिले, मागायला तोंड उघडेना. तुम्हीच आतून तुरीचं बी काढलं. "आता पऱ्हाटीच्या मांगं नको लागू, दिवस गेले तिचे. पाऊस आला का तूर पेर," म्हणालात. तुरीचं घरचं बी चालतं, हायब्रीड कापसाचं चालत नाही, हे मला त्या दिवशी समजलं. गावात सवाईनं, दिढीनं, म्हणजे सव्वापट, दीडपट परत घ्यायच्या बोलीनं बी देणारे होते. तुम्ही पायलीला पायली परत घेतली, आणि तीही तूर निघून घरात आल्यावर. बाबा शेवटपर्यंत ही गोष्ट सांगत होते.

पण मला खरे आभार मानायचे आहेत ते दुसऱ्याच गोष्टीचे.

बारावीची परीक्षा झाली आणि तुम्ही मला तुमच्या दालमिलमध्ये वहीवर बसवलं. तो आवाज अजून कानात आहे. रोलरवर तुरीचं टरफल खरवडलं जायचं, मग तेलाचा हात लावून तूर पटांगणात उन्हात पसरायची, वाळली की पुन्हा रोलरवर. डाळ एकीकडे, चुनी आणि भुसा ढोरांसाठी दुसरीकडे. हमालांच्या भुवयासुद्धा पिवळ्या झालेल्या असायच्या. माझं काम एवढंच, की काट्यावरचं वजन कच्च्या चिठ्ठीवर लिहायचं आणि संध्याकाळी पक्क्या वहीत उतरवायचं.

एका बाईची तूर आली होती. नवरा गेलेला, शेजाऱ्याची बैलगाडी मागून आणलेली. सहा पोती भरलेली आणि एक अर्धं. मी बेरीज केली, पैसे दिले, ती गेली. संध्याकाळी तुम्ही नेहमीप्रमाणे चिठ्ठ्या वहीशी ताडून पाहत होतात. एका चिठ्ठीवर तुमचं बोट थांबलं. अर्धं पोतं मी बेरजेत धरलंच नव्हतं. चाळीस किलो. बाईमाणसानं पंधरा-वीस दिवस निंदण केलं तर तेव्हा जेवढी मजुरी मिळे, तेवढे पैसे.

मला वाटलं, आता ओरडाल. तुम्ही चष्मा काढला, पैसे मोजले, कागदात गुंडाळून माझ्या खिशात घातले आणि राजदूत मोटारसायकल काढली. "चाल, बस मांगं." मी म्हटलं, काकाजी, पुढच्या बाजारी ती येईलच की. तर म्हणालात, "तू भुलला ते ठीक हाय. पण तिच्या घरी आज रात्री चाळीस किलो कमीच हायेत ना?"

अकरा किलोमीटर, सगळा गोट्यांचा रस्ता, अंधार पडलेला. तिच्या दारात तुम्ही गाडीवरून उतरला नाहीत. मला पुढं केलंत. "सांग." मी अडखळत सांगितलं, पैसे दिले. तिनं कंदील वर धरून आधी माझ्याकडे पाहिलं, मग तुमच्याकडे. मग आत जाऊन गुळाचा खडा आणि पाणी आणलं. परतताना तुम्ही एक शब्दही बोलला नाहीत. दुसऱ्या दिवशी वही पुन्हा माझ्याच हातात दिलीत. त्या रात्रीपेक्षा ती सकाळ मला जास्त आठवते.

मिलच्या खोलीत तुमच्या डोक्यावर एक चित्र होतं, नांगर धरलेल्या माणसाचं, बाजूला देवदूत. मला वाटायचं, येशूच असेल. तुम्ही सांगितलं, हा संत इसिदोर, बाराव्या शतकातला, स्पेनमधल्या माद्रिदचा. दुसऱ्याच्या वावरात राबायचा. रोज आधी मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला जातो, कामावर उशिरा येतो, अशी मालकाकडे चुगली गेली. मालक पाहायला आला तर वावरात देवदूत नांगर चालवत होते. १६२२ मध्ये त्याला संतपद मिळालं. हे सगळं सांगून तुम्ही म्हणालात, "सालदार होता तो. मालक नोहे, सालदार!" पंधरा मेला त्याचा सण. पेरणीच्या तोंडावर त्या दिवशी तुमच्या अंगणात सालदारांची घरं जेवायला असायची. पानगे, वरण, वांग्याची भाजी. आणि तुम्ही सदरा खोचून स्वतः वाढायचात.

सुगीतही रविवारी मिल बंद राहायची, याचं व्यापाऱ्यांना नवल वाटे. अमरावतीचा धर्मप्रांत १९५५ साली झाला तेव्हा तुम्ही पंचविशीचे होता. मिस्सासाठी बैलगाडीनं पहाटेच निघावं लागे, असं काकू सांगायच्या. त्यानंतर हायब्रीड ज्वारी आली, १९७२ ला कापसाची एकाधिकार खरेदी, म्हणजे सगळा कापूस सरकारनंच घ्यायचा, ती आली, २००२ ला बीटी कापसाचं बी आलं. तुम्ही सगळं आधी चार ओळींत पेरून पाहिलंत, मग वावरभर. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीनं पऱ्हाटी पोखरली तेव्हा नव्वदीकडे झुकलेले तुम्ही काठी टेकत आमच्या बांधावर आलात: "फरदडीचा मोह सोडा, बोंडं तशीच उभी राहिली त अळी त्यातच राहते." वेचणी झालेल्या पऱ्हाटीवर पुन्हा पीक घ्यायची ती फरदड सोडून त्या वर्षी आम्ही डिसेंबरातच पऱ्हाटी उपटली.

आता मी आमच्या शेतकऱ्यांच्या कंपनीचा हिशेब पाहतो. काटा इलेक्ट्रॉनिक आहे. त्याचं तोंड मी शेतकऱ्याकडे ठेवतो, माझ्याकडे नाही. कच्ची चिठ्ठी आणि पक्की वही रोज संध्याकाळी ताडून पाहतो. नवीन पोरांना त्या बाईची गोष्ट सांगतो, तुमचं नाव घेऊन.

काकाजी, तुमचे खूप खूप आभार. बाबांच्या पेरणीचे, आणि त्या दारात मला पुढं केल्याचे.

नातवाशी बोललो आहे. तुम्हाला डाव्या कानानं बरं ऐकू येतं म्हणाला. हे पत्र त्याच बाजूला बसून, सावकाश वाचायला सांगितलं आहे. तूर निघाली की मी येतो, एक पायली घेऊन.

तुमचा,
वहीवरचा पोट्टा