ॲव्हरेजवर घासाघीस, कोटेशनकडे काणाडोळा

संपादक महोदय,

सण जवळ आले की आपल्या पानांवर शंभर-सव्वाशे सीसीच्या दुचाकींच्या जाहिराती झळकू लागतात, आणि शोरूमच्या काउंटरवर पहिला प्रश्न ठरलेला असतो : 'ॲव्हरेज किती देते?' विक्रेता पंचाहत्तर सांगतो, गिऱ्हाईक 'पासष्ट तरी देईल ना?' म्हणतं आणि आपण फसलो नाही या समाधानात कोटेशनवर सही करतं. खरे पैसे त्या कोटेशनवर जातात.

हिशोब करून बघा. महिन्याला ७५० किलोमीटर गाडी चालत असेल तर साठच्या ॲव्हरेजने साडेबारा लिटर पेट्रोल लागतं, सत्तरच्या ॲव्हरेजने पावणेअकरा. लिटरला १०४ रुपये धरले तरी हा फरक महिन्याला १८५ रुपयांच्या आसपास, म्हणजे वर्षाला सव्वादोन हजार. दहा किलोमीटरच्या ज्या फरकावर अर्धा तास वाद होतो, त्याची किंमत एवढीच.

तरीही ॲव्हरेजचा दावा तपासायचा असेल तर तो आकडा येतो कुठून ते आधी समजून घ्यावं. जाहिरातीतला आकडा प्रयोगशाळेतला असतो. पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन-चाचणी संस्थेत गाडी रोलरवर ठेवून ठरावीक वेगाच्या क्रमाने चालवतात. तिथे मागे बसणारं कोणी नसतं, खड्डा नसतो, घाट नसतो, समोरचा वारा नसतो. दोन गाड्यांची एकमेकींशी तुलना करायला तो आकडा उपयोगी आहे, आपल्या खिशाचा अंदाज बांधायला नाही. त्यातून पंधरा टक्के वजा करूनच बजेट आखावं. शिवाय आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते, त्यामुळे शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत या मिश्रणाची ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी कमी भरते. 'माझ्या मेव्हण्याची जुनी गाडी ऐंशी द्यायची' हा पुरावा म्हणूनच आज चालत नाही.

बाटलीत एक लिटर पेट्रोल घालून दाखवलेली चाचणीही बाजूला ठेवावी. एका लिटरमध्ये १०० मिलिलिटर इकडेतिकडे झालं की उत्तर दहा टक्क्यांनी चुकतं. गाडी मेन स्टँडवर घेऊन, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरा, किलोमीटर लिहून ठेवा, अडीचशे-तीनशे किलोमीटर झाल्यावर त्याच पंपावर तशीच भरा आणि झालेल्या किलोमीटरला भरलेल्या लिटरने भागा. पाच लिटरमध्ये तीच १०० मिलिलिटरची चूक दोन टक्क्यांवर येते. ओळखीच्या कोणाकडे तेच मॉडेल असेल तर ही चाचणी खरेदीआधीच करता येते.

आता कोटेशन. एक्स-शोरूम किमतीत जीएसटी धरलेला असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. जी गाडी आधी ८०,००० ला होती ती निव्वळ कर कमी झाल्याने ७३,७५० ला यायला हवी. हाच सव्वासहा हजारांचा फरक कोणी 'आमची खास सूट' म्हणून दाखवत असेल तर ती सूट विक्रेत्याची नव्हे, सरकारची.

रोड टॅक्स महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या पेट्रोल दुचाकीला ९९ सीसीपर्यंत १० टक्के आणि त्यावर २९९ सीसीपर्यंत ११ टक्के. ९७ सीसीच्या गाडीला ११ टक्के लावलेले असतील तर तिथेच बोट ठेवावं. मोटारसायकलच्या नोंदणीची फी ३०० रुपये, आरसीच्या स्मार्ट कार्डचे २००, कर्ज असेल तर आरसीवर त्याची नोंद, म्हणजे बोजा, चढवण्याचे ५००. 'आरटीओ खर्च' असा एकच गोल आकडा लिहिलेला असेल तर तो फोडून मागा आणि पासिंग झाल्यावर सरकारी पावती मागा. ती ऑनलाइन निघते, त्यामुळे 'मिळत नाही' हे उत्तर खोटं आहे. 'हँडलिंग चार्जेस', 'लॉजिस्टिक्स', 'फाइल चार्ज' या नावांची कुठलीही फी मोटार वाहन कायद्यात नाही. ती काढायला सांगितली की बहुतेक ठिकाणी ती 'ॲक्सेसरीज'मध्ये शिरते, म्हणून बेरीज शेवटी पुन्हा करावी.

ॲक्सेसरीजमध्येही गंमत आहे. मागे बसणाऱ्यासाठी हाताला धरायची कडी, पायदान आणि मागचं चाक निम्मं तरी झाकणारं आवरण, म्हणजे आपला साडी गार्ड, हे केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२३ नुसार गाडीवर असायलाच हवं. बीआयएसच्या, म्हणजे भारतीय मानक ब्युरोच्या, मानकाचं एक हेल्मेट खरेदीच्या वेळी देणं नियम १३८ नुसार बंधनकारक आहे. हाय सिक्युरिटी नंबर प्लेट १ एप्रिल २०१९ पासून गाडीबरोबरच येते. या तिन्हींचे वेगळे पैसे लागले तर लेखी कारण मागा. तसंच 'आमच्या गाडीला सीबीएस आहे हो!' हेही ऐकवलं जातं. १२५ सीसीपर्यंतच्या प्रत्येक नव्या दुचाकीला सीबीएस (एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना लागणारी रचना) किंवा एबीएस (ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणारी रचना) २०१९ पासून सक्तीचं आहे, कौतुक कसलं?

विम्यात गोंधळ सर्वांत जास्त. नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या होणाऱ्या नुकसानीचा, विमा सक्तीचा आहे आणि त्याचा दर ठरलेला आहे : जून २०२२ पासूनच्या दरांनुसार ७५ ते १५० सीसीला ३,८५१ रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४,५४४. यात कोणी सूट देऊ शकत नाही आणि वाढवूही शकत नाही. फरक पडतो तो स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागात. तो एक वर्षाचा घेतला तरी चालतो. बाहेरून दुसरं कोटेशन घ्या, पण दोन्हींत आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) आणि ॲड-ऑन (जादा पैसे देऊन घेतलेलं जोड-संरक्षण) सारखे आहेत ना ते बघा, नाहीतर स्वस्त पॉलिसी म्हणजे नुसती कमी भरपाईची पॉलिसी असते. मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा तुमच्याकडे आधीच असेल तर तो पुन्हा घ्यावा लागत नाही. शोरूमचाच विमा घेतला पाहिजे, अशी सक्ती करता येत नाही.

आणि हप्ता. '९९९ भरा, गाडी न्या' आणि 'फक्त १२ टक्के' या दोन वाक्यांत सगळा खेळ आहे. समजा ७० हजारांचं कर्ज, तीन वर्षं, १२ टक्के 'फ्लॅट'. व्याज पूर्ण ७० हजारांवर दरवर्षी ८,४००, तीन वर्षांचं २५,२००, हप्ता २,६४४. पण मुद्दल तर दर महिन्याला फिटत जातं, तरी व्याज मूळ रकमेवरच चालू राहतं. घटत्या शिलकीवर मोजलं तर हाच दर २१ टक्क्यांच्या आसपास जातो. खरोखर घटत्या शिलकीवर १२ टक्के असते तर हप्ता २,३२५ बसला असता आणि एकूण व्याज १३,७०० च्या घरात. फरक साडेअकरा हजारांचा! दहाच्या ॲव्हरेजचा फरक भरून काढायला पाच वर्षं लागतात, तेवढे पैसे एका 'फ्लॅट' शब्दात गेले. वर प्रोसेसिंग फी, आगाऊ घेतलेला पहिला हप्ता आणि कर्जातच मिसळलेला कर्जविमा वेगळा. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेने अशा कर्जांना 'की फॅक्ट स्टेटमेंट' सक्तीचं केलं आहे. त्यात सगळे खर्च धरून वार्षिक दर छापलेला असतो. फायनान्सवाल्याच्या तोंडचा आकडा सोडून तो कागद वाचा. मुदतीआधी कर्ज फेडलं तर किती टक्के कापणार, तेही त्याच वेळी विचारा. शेवटच्या हप्त्यानंतर फायनान्सवाल्याकडून एनओसी (ना हरकत पत्र) आणि फॉर्म ३५ (बोजा उतरवण्याचा आरटीओचा फॉर्म) घेऊन बोजा उतरवला नाही, तर गाडी विकताना अडकून पडाल.

'परवाच आली गाडी' या दाव्याची शहानिशा दोन मिनिटांत होते. विक्री प्रमाणपत्रात, म्हणजे फॉर्म २१ मध्ये, निर्मितीचा महिना आणि वर्ष असतं. टायरवरचे शेवटचे चार आकडे बघा. ३८२५ म्हणजे २०२५ चा अडतिसावा आठवडा. टायर गाडीपेक्षा दोन-तीन महिने जुना असणं साहजिक आहे, वर्षभर जुना असेल तर विचारावं. चासी आणि इंजिन नंबर कागदाशी स्वतः जुळवा. बराच काळ यार्डात उभ्या राहिलेल्या गाडीची बॅटरी उतरलेली असते : सेल्फ दोन-तीनदा मारला की आवाज मंदावतो, हॉर्न बसका येतो. अशी गाडी घ्यायचीच असेल तर बॅटरी बदलून आणि किंमत कमी करून घ्या. पुढच्या शॉकॲब्सॉर्बरच्या नळीवर गंजाचे ठिपके असतील तर घेऊच नका, तिथलं ऑइल सील लवकर जातं. हे सगळं मुहूर्ताच्या दिवशी हार-पेढ्यांच्या गर्दीत होत नाही, दोन दिवस आधी जाऊन करावं. नोंदणी झाल्याशिवाय, निदान तात्पुरत्या नोंदणीशिवाय, गाडी ताब्यात देता येत नाही, हेही लक्षात असू द्या.

'पाच वर्षं वॉरंटी'बद्दल थोडक्यात : क्लच प्लेट, ब्रेक शू, केबल, चेन-स्प्रॉकेट त्यात सहसा नसतात, बॅटरीची वॉरंटी वेगळी असते आणि फ्री सर्व्हिसमध्ये मजुरी माफ असते, ऑइलचे पैसे लागतातच.

शोरूमने तोंडी दिलेला प्रत्येक शब्द कोटेशनवर सही-शिक्क्यासह लिहून घ्यावा. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर किंवा ग्राहक आयोगात तोच कागद कामी येतो. आणि संपादक महोदय, एक विनंती आपल्यालाही. डाउनपेमेंटच्या जाहिरातीत खाली तारांकनाजवळ जो मजकूर असतो, तो भिंगाशिवाय वाचता येईल एवढ्या टाइपात छापण्याची अट जाहिरातदारांना घालता येईल का? व्याजाचा प्रकार आणि एकूण परतफेडीची रक्कम तिथेच दडलेली असते.

आपला,
एक वाचक, सांगली